ब्रेस्ट मारत 1.9 किलोमीटर: समुद्रातल्या पहिल्या लांब शर्यतीची तयारी

तलावावर सकाळच्या बॅचला येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जण ब्रेस्टस्ट्रोकवालेच, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारणारे असतात. कुणी लहानपणी उन्हाळी शिबिरात शिकलेला, कुणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला. यातलाच एखादा चाळिशीत सायकल घेतो, पळायला लागतो आणि एक दिवस गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 चा फॉर्म भरतो. ही ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत, आणि त्यातलं पोहणं 1.9 किलोमीटरचं. मग भेटेल तो सांगतो, "फ्री शिक, नाहीतर पैसे पाण्यात."

फ्री, म्हणजे फ्रीस्टाईल, जरूर शिका. पण शर्यत तीन-चार महिन्यांवर आली असेल आणि फ्रीच्या दोन लेंथमध्येच धाप लागत असेल, तर ब्रेस्टवर भरवसा ठेवा. ट्रायथलॉनमध्ये आणि खुल्या पाण्यातल्या बहुतेक हौशी शर्यतींत कुठलाही स्ट्रोक चालतो. कॅप्टन मॅथ्यू वेबने 1875 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली ती ब्रेस्टनेच, 21 तास 45 मिनिटांत. आपल्याला फक्त 1.9 किलोमीटर जायचंय.

हा लेख त्या 1.9 किलोमीटरसाठी आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत एक-दोन किलोमीटरच्या गटात उतरणार असाल, तरी यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

1. आधी हिशोब

70.3 अंतराच्या शर्यतीत पोहण्याला 1 तास 10 मिनिटं मिळतात. म्हणजे 4200 सेकंदांत 19 वेळा 100 मीटर. शंभर मीटरला सुमारे 3 मिनिटं 41 सेकंद पडतात. ब्रेस्ट नीट मारणाऱ्या माणसाला हा वेग अवघड नाही, फक्त तो सलग टिकवायचा असतो.

समजा, तुम्ही 3:25 च्या वेगाने पोहता. 1.9 किलोमीटरला 64 मिनिटं 55 सेकंद. पाच मिनिटं हातात. आता समुद्रात वाकडेतिकडे गेलात आणि अंतर दहा टक्के वाढलं, तर तुम्ही 2.09 किलोमीटर पोहलात. त्याच वेगाने वेळ होते 71 मिनिटं 24 सेकंद. सायकल स्टँडवरच राहते आणि तुम्ही घरी. वेग तोच, दमही तोच, गेलात ते दिशेमुळे. म्हणून पुढे सरळ पोहण्याबद्दल बरंच लिहिलंय. वेग शंभरामागे पाच सेकंदांनी वाढवायला महिना जातो, सरळ पोहायला दोन-तीन रविवारांत जमतं.

वेळ कुठून मोजतात हे आयोजकांच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. रोलिंग स्टार्ट (थोड्या-थोड्या जणांना एकामागोमाग सोडणं) असेल तर साधारणपणे तुमचं घड्याळ तुम्ही वेळ नोंदवणारी मॅट ओलांडल्यावर सुरू होतं, पण प्रत्येक स्पर्धेचा नियम वेगळा असू शकतो.

2. सामान आणि कागदपत्रं

सामान थोडकंच:

- गॉगलच्या दोन जोड्या, एक साधी आणि एक गडद काचेची. दोन्ही आधी तलावात वापरलेल्या हव्यात.
- ट्रायसूट (ट्रायथलॉनचा अंगाबरोबरचा पोशाख) किंवा घट्ट जॅमर (गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी). सैल बर्म्युडा पाणी ओढते. ब्रेस्टमध्ये पाय उघडतात तेव्हा तर फारच.
- व्हॅसलिन. मान, काखा, मांड्यांच्या आतली बाजू आणि घोट्याला जिथे टायमिंग चिप बांधतात तिथे.
- समुद्रातल्या सरावासाठी नारिंगी फ्लोट. त्याची दोरी ब्रेस्टवाल्यांच्या पायात येते. पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या मागे घ्या आणि पाय मारून बघून दोरीची लांबी ठरवा.
- घड्याळ असेल तर उत्तम, पण त्याच्या जीपीएसवर विसंबू नका. फ्रीमध्ये हात पाण्याबाहेर येतो तेव्हा घड्याळाला सिग्नल मिळतो. ब्रेस्टमध्ये मनगट जवळपास पूर्ण वेळ पाण्याखाली असतं, त्यामुळे पडद्यावर काहीही अंतर दिसतं. सरावाला घड्याळ टोपीखाली किंवा फ्लोटला अडकवा.

वेटसूटचा (थंडीपासून वाचवणाऱ्या रबरी पोशाखाचा) खर्च गोव्यासाठी करू नका, तिथलं पाणी उबदार असतं. परदेशात थंड पाण्यातल्या शर्यतीला जाणाऱ्यांनी मात्र वेटसूट घालून आधी पुष्कळ सराव करावा. तो पाय वर उचलतो आणि ब्रेस्टची किक हवेत जाते.

कागदपत्रं स्पर्धेनुसार बदलतात. फोटो असलेलं ओळखपत्र, नोंदणीची पावती आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारखेचा पुरावा आणि 18 खालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र मागतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आदल्या दिवशी पणजीत शोधत फिरू नका. बिब (शर्यतीचा नंबर) घ्यायच्या रांगेत एक तरी माणूस हे करताना दिसतोच.

3. पाय

ब्रेस्टमध्ये पुढे ढकलण्याचं बहुतेक काम पाय करतात. इथे चूक असेल तर बाकी काहीही सुधारून उपयोग नाही.

टाचा कुल्ल्यांकडे आणा, गुडघे पोटाकडे नाही. गुडघे पोटाखाली घेतलेत की मांड्या पाण्यासमोर भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि चालता वेग तिथेच मरतो. टाचा वर आल्या की पावलं बाहेर वळवा, बोटं नडगीकडे खेचा आणि पावलाच्या आतल्या बाजूने पाणी मागे ढकला. शेवटी तळवे एकमेकांजवळ येऊन पंजे ताठ झाले पाहिजेत. बहुतेक लोक हे शेवटचं मिटणं सोडून देतात. पाय अर्धवट उघडे ठेवून पुढचा हात घेतात आणि ग्लाईड (किकनंतरची नुसती सरक) मिळत नाही म्हणून कुरकुरतात.

गुडघ्यांमधलं अंतर खांद्यांपेक्षा जास्त नको. विहिरीत शिकलेल्यांची किक फार रुंद असते. पंधरा मिनिटं पोहायला ती चालते. तासभर तीच मारली तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो आणि शर्यतीच्या आधीच्या महिन्यात नेमका तिथे ठणका लागतो. ठणका लागला तर ब्रेस्टची किक काही दिवस बंद करा. मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांचा सराव चालू ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. आयोडेक्स चोळून पुढे रेटू नका.

दुसरी सवय म्हणजे कैची. एक पाय बाहेर वळतो, दुसरा पंजा सरळच राहून पाणी खाली दाबतो. स्वतःला हे कळत नाही. मागून कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. तलावातल्या शर्यतीत कैची मारलीत तर पंच बाद करतात. समुद्रात कुणी बाद करत नाही, पण दर स्ट्रोकला तुम्ही एका बाजूला थोडे वळता. ते 10 टक्के जादा अंतर बऱ्याचदा इथूनच येतं.

सरावाला एकच प्रकार सांगतो, तोही कंटाळवाणा. उताणे व्हा, हात अंगालगत, फक्त किक. दर वेळी टाच बोटांच्या टोकांना लागली पाहिजे आणि गुडघे पाण्याबाहेर येता कामा नयेत. रोज 200 मीटर. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

4. हात आणि श्वास

हात लहान ठेवा. खांद्यापेक्षा थोडे बाहेर, कोपर वर, मग तळवे हनुवटीखाली एकत्र आणि लगेच पुढे. कोपरं बरगड्यांच्या मागे गेली की समजा हात लांबला. तो परत पुढे आणताना जास्त पाणी कापावं लागतं आणि तोवर पाय बुडतात. लांब पल्ल्यात हातांचं मुख्य काम म्हणजे श्वासापुरतं डोकं वर आणणं आणि शरीराला पुन्हा आडवं करणं.

सतत डोकं वर ठेवून पोहण्याची सवय असेल तर ती सगळ्यात आधी मोडा. डोकं वर म्हणजे कंबर खाली, आणि वर एक किलोमीटरनंतर मान आखडते. श्वास घेताना हनुवटी पाण्यालगत असावी, हात पुढे जाताना चेहरा पाण्यात जावा आणि नजर तळाकडे.

धाप लागण्याचं कारण बहुतेक वेळा कमी दम हे नसतंच. लोक पाण्याखाली श्वास धरून ठेवतात, वर आल्यावर सोडून लगेच घ्यायचा प्रयत्न करतात आणि दोन्ही अर्धवट होतं. चेहरा पाण्यात गेला की नाकाने सावकाश सोडायला सुरुवात करा. वर येईपर्यंत फुप्फुस मोकळं झालेलं असलं की तोंड उघडताच हवा आपोआप आत जाते.

क्रम असा: हात, श्वास, पाय, सरक. हात पुढे निघाल्यावर किक. दोन्ही एकाच वेळी मारणारा माणूस जागच्या जागी उचंबळत राहतो.

5. ग्लाईड किती

ब्रेस्ट हा चारही स्ट्रोकमध्ये सगळ्यात संथ. त्याचं मुख्य कारण म्हणजे प्रत्येक स्ट्रोकमध्ये वेग वाढतो आणि पाय आखडताना एकदम पडतो. प्रत्येक वेळी थांबलेली गाडी ढकलायची असेल तर तुम्ही लवकर दमणार. ग्लाईड हवा तो यासाठी, पण वेग पूर्ण पडायच्या आधी पुढचा हात सुरू झाला पाहिजे.

तलावात मोजून बघा. 50 मीटरला किती स्ट्रोक आणि किती सेकंद, दोन्ही लिहा. ग्लाईड थोडा वाढवा, पुन्हा मोजा. स्ट्रोक कमी होऊन वेळ तीच राहिली किंवा कमी झाली तर तो ग्लाईड तुमचा. स्ट्रोक कमी झाले पण वेळ वाढली तर तुम्ही नुसते तरंगताय. समाजमाध्यमांवर जागतिक जलतरणपटूंचे लांबलचक ग्लाईड बघून लोक त्यांची नक्कल करतात. त्यांच्या किकचा जोर आपल्याकडे नाही. आपल्याला एका सेकंदाच्या आतला ग्लाईड पुरे.

लाटा असतील तर तोही आखडता घ्या. समोरून पाणी येत असताना ताणून पडलात तर मागेच जाता.

6. स्वतःचा वेग काढा

थोडं पोहून अंग गरम करा, मग 400 मीटर जमेल तितक्या एकसारख्या वेगाने पोहा, वेळ लिहा. पूर्ण विश्रांती घ्या. मग 200 मीटर. दोन्ही वेळांची वजाबाकी करा आणि निम्मी करा. हा झाला शंभर मीटरचा तुम्हाला झेपणारा वेग.

उदाहरणार्थ, 400 ला 12:40 आणि 200 ला 6:00. फरक 6:40. निम्मे 3:20. शर्यतीत याहून पाचेक सेकंद हळू धरा, कारण पुढे 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर पळणं आहे. निम्मे 3:35 च्या वर येत असेल तर या वर्षी फक्त पोहण्याच्या छोट्या शर्यतीत उतरा. पुढच्या वर्षी बघू.

यात एक फसवणूक आहे. 25 मीटरच्या तलावात दर वळणाला भिंतीवर पाय मारून चार-पाच मीटर फुकट मिळतात. समुद्रात भिंत नाही. चाचणी शक्य तर 50 मीटरच्या तलावात करा. पुण्यामुंबईत असे तलाव मिळतात, दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव त्यातलाच. तेही जमलं नाही तर भिंतीच्या दोन मीटर आधीच वळा. वेळ बघून वाईट वाटेल, पण खरी वेळ तीच.

याच वेळी शंभर मीटरचे स्ट्रोकही मोजा. समजा, 80 आले. समुद्रात तुमचं अंतर मोजायचं साधन हेच. 80 झाले की मनात एक. घड्याळाकडे बघण्यासाठी हात बाहेर काढून लय मोडण्यापेक्षा हे बरं.

7. आठवड्याचा सराव

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. चौथा मिळाला तर किकला द्या.

एक दिवस वेगाचा: 10 वेळा 100 मीटर, काढलेल्या वेगाने, मध्ये 20 सेकंद थांबून. पहिला आणि दहावा यांत पाच सेकंदांहून जास्त फरक नको. पहिले तीन उडवून शेवटचे ओढत आणण्याची खोड इथेच मोडायची. दुसरा दिवस तंत्राचा, वरची किक आणि पुल बॉय, एकूण 1000 ते 1200 मीटर. तिसरा दिवस लांबचा: 3 वेळा 500 पासून सुरू करून शर्यतीच्या तीन आठवडे आधीपर्यंत न थांबता 2000 मीटर.

लांबच्या दिवशी दर 400 मीटरनंतर 50 मीटर फ्री किंवा उताणं पोहा. गुडघ्यांना विसावा मिळतो आणि शर्यतीत पोटरीत गोळा आला तर हाताशी दुसरा स्ट्रोक असतो.

तलाव मार्चनंतर लहान मुलांच्या बॅचने भरतात, लेन मिळत नाही. मोठी अंतरं हिवाळ्यात आणि पावसाळ्यात उरकून घ्या.

8. समुद्राची ओळख

शर्यतीआधी किमान दोनदा समुद्रात पोहा, आणि एकट्याने कधीही नाही. स्थानिक पोहणाऱ्यांचा गट शोधा. अनोळखी किनाऱ्यावर आधी कोळ्यांना विचारा. ओढ कुठे आहे, खडक कुठे आहेत, जाळी कुठे लावलीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याचा जोर जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी शांत. पहिला सराव भांगाच्या दिवसांत ठेवा. पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नका.

खाऱ्या पाण्यात शरीर जास्त वर तरंगतं. ऐकायला छान वाटतं, पण ब्रेस्टवाल्याच्या टाचा पाण्याबाहेर येतात आणि किक फसफसते. मागे फेस आणि आवाज जाणवला की टाचा दोन बोटं कमी वर आणा आणि छाती किंचित उचला.

आता दिशा. इथे आपण फ्रीवाल्यांपेक्षा सुखी आहोत, कारण दर श्वासाला तोंड समोरच असतं. तरी लोक चुकतात, कारण समोर बघतात पण काहीच शोधत नाहीत. दर सहा-आठ स्ट्रोकला हनुवटी नेहमीपेक्षा थोडी वर घ्या आणि बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) शोधा. लाटेच्या खोलगट भागात असाल तर बोया दिसणार नाही. तेव्हा धडपडू नका, पुढच्या स्ट्रोकला लाटेवर असताना बघा. बोयाच्या मागे किनाऱ्यावरचं काहीतरी उंच हेरून ठेवा, एखादी इमारत किंवा माडांचा झुबका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी परत येताना सूर्य थेट डोळ्यांत असतो आणि बोया दिसेनासे होतात. गडद गॉगल त्यासाठी. परतीची खूण मात्र पाण्यात उतरायच्या आधीच वाळूवर उभं राहून ठरवा.

ओढ आडवी असेल तर बोयाच्या थोडं वरच्या अंगाला रोख धरा. थेट बोयाकडे तोंड करून पोहलात तर कमान काढत जाता.

9. शर्यतीचा दिवस

चिपचा पट्टा घट्ट बांधा. ब्रेस्टच्या किकमध्ये घोटा वळतो आणि सैल पट्टा काचतो किंवा निसटतो.

स्वतःच्या अंदाजित वेळेच्या गटात, शक्यतो कडेला उभे राहा. मध्ये घुसलात तर तुमची रुंद किक मागच्याच्या गॉगलवर बसेल आणि तुमच्या पाठीवरून फ्रीवाले जातील. दोघांचंही नुकसान.

पहिले 300 मीटर मुद्दाम हळू. आजूबाजूला फेसाळ धांदल असते आणि ठोके आधीच वाढलेले असतात. तुमच्या पुढे गेलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या बोयापाशी थांबलेले दिसतील. तिथपर्यंत स्ट्रोक मोजा आणि श्वास पूर्ण सोडा, बाकी काही नाही. 300 ते 1600 ठरलेला वेग. दर शंभराला, म्हणजे तुमच्या 80 स्ट्रोकला, स्वतःलाच विचारा: पायांचे तळवे मिटतायत का, कोपरं मागे जातायत का. दमल्यावर पहिल्यांदा हेच सुटतं, वेग नंतर पडतो.

शेवटचे 300 मीटर ट्रायथलॉनमध्ये किक सैल सोडा, हातांवर थोडा जास्त भार घ्या. पुढे सायकल आहे आणि पोटऱ्या तिथे लागणार आहेत. नुसत्या पोहण्याच्या शर्यतीत असाल तर उलट, इथे जोर लावा. तोही ग्लाईड कमी करून, किक रुंद करून नाही.

गोळा आला तर उताणे व्हा, पंजा हाताने नडगीकडे खेचा. मदत हवी तर हात वर करा. सुरक्षेच्या कयाकला धरून विसावा घेतला म्हणून ट्रायथलॉनमध्ये बाद करत नाहीत, कयाक तुम्हाला पुढे नेत नाही तोवर. एक-दोन मिनिटं धरून श्वास ताळ्यावर आणा, मग निघा. हिशोबात ती पाच मिनिटं त्यासाठीच ठेवलेली आहेत.

किनाऱ्याजवळ गुडघाभर पाणी दिसलं म्हणून लगेच उभे राहू नका. हाताला वाळू लागेपर्यंत पोहत या. तासभर आडवं राहिल्यावर झटकन उठलात तर भोवळ येते. दोन पावलं चाला, गॉगल वर करा, मग पळा.